एकरी की हेक्टरी? कृषी प्रदर्शनातल्या बिल्लेवाल्यांची दीडशे वर्षांची गोष्ट

कोणी पीएमपीच्या बसमध्ये लटकत ऐकत असेल, कोणी रात्रीची लाइट आली म्हणून मोटर चालू करायला निघालं असेल. जिथे असाल तिथे स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना मी सतरा वेळा "म्हणजे कसं" म्हणालो, तेवढं फक्त काढून टाकलंय.

आजची सुरुवात एका चुकीपासून. चूक माझीच.

माझं आजोळ कासुर्डी. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात, उरळी कांचन मागे पडलं आणि यवत अजून यायचं आहे, तिथे हे गाव लागतं. दौंड तालुका. मी पोटापाण्याला हिंजवडीत कोड लिहितो. गेल्या हिवाळ्यात गावापासून गाडीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर एक छोटं कृषी प्रदर्शन भरलं होतं. माणसं कमी पडत होती म्हणून एका मित्राने विचारलं, "दोन दिवस येतोस का?" मी गेलो. गळ्यात बिल्ला, त्यावर लिहिलेलं 'स्वयंसेवक'. पहिल्या दिवशी पार्किंग आणि नाव-नोंदणी. दुसऱ्या दिवशी माती परीक्षणाच्या स्टॉलवरचा मुलगा जेवायला गेला आणि मला म्हणाला, "दादा, पंधरा मिनिटं बस. कोणी विचारलं तर पत्रक बघून सांग."

एक बाबा आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. "कांद्याला खत किती टाकायचं?" मी पत्रक उघडलं. नत्र १०० किलो, स्फुरद ५०, पालाश ५०. फोनवर हिशेब केला. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे १०० किलो नत्राला साधारण २१७ किलो युरिया. ४५ किलोची गोणी धरली तर जवळजवळ पाच गोण्या. "एकरी पाच गोण्या युरिया, बाबा." त्यांनी खिशातून पेन काढला, पिशवीवर '५' लिहिलं आणि गर्दीत गेले.

शेजारच्या स्टॉलवर कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची मुलगी होती. ती धावतच आली. "दादा, एकरी सांगितलंत का? ते हेक्टरी आहे!"

एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. म्हणजे मी अडीचपट खत सांगून बसलो होतो. खरा आकडा एकरी दोन गोण्यांच्या आतला. ऑफिसमध्ये अशी चूक केली असती तर टेस्टिंगमध्ये सापडली असती, फार तर एक बग नोंदवला गेला असता. इथे काय होतं ते त्या मुलीने दोन वाक्यांत सांगितलं. नत्र जास्त झालं की कांद्याची मान जाड होते आणि तो चाळीत टिकत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये भरलेली चाळ भाव यायच्या आत सडायला लागते. शिवाय तीन गोण्यांचे पैसे मातीत.

आम्ही दोघं निघालो शोधायला. माइकवर पुकारा केला, "पांढरी टोपी घातलेले बाबा, कांद्याच्या खताबद्दल ज्यांनी विचारलं, त्यांनी माती परीक्षणाच्या स्टॉलवर यावं." चौदा बाबा आले! आमचे त्यात नव्हते. शेवटी पाऊण तासाने पार्किंगजवळच्या चहाच्या गाड्यावर सापडले. मी चूक सांगितली, माफी मागितली. त्यांनी पिशवीवरचा '५' खोडला, 'दीड-दोन' लिहिलं आणि म्हणाले, "चुकलास तर चुकलास. सांगायला आलास ना माघारी? बास. चहा घे."

तो चहा पिताना डोक्यात आलेला प्रश्न हा आजचा एपिसोड आहे. त्या बाबांनी पत्रकावर विश्वास ठेवला नव्हता, पत्रक त्यांनी पाहिलंही नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला तो बिल्ला घातलेल्या माणसावर. मग मेळ्यात, बाजारात, प्रदर्शनात उभ्या असलेल्या या माणसाचा इतिहास काय आहे?

त्यासाठी दीडशे वर्षं मागे जाऊ. लांब जायचं नाही, सगळं आपल्याच पट्ट्यात घडलंय.

आजच्या दौंड तालुक्याचा मुलूख पूर्वी भीमथडीत मोडायचा. भीमेच्या थडीचा, म्हणजे काठचा मुलूख. भीमा ओलांडली की शिरूर. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांसाठी आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमाराला सरकारने नवी मोजणी करून शेतसारा वाढवला. भाव गेला, सारा वाढला, कर्ज तसंच राहिलं.

शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. १८७४ च्या अखेरीला तिथल्या एका सावकाराने गावच्या देशमुखांच्या घरावर कोर्टाचा हुकूमनामा आणला. गावाने काय केलं? सरळ बहिष्कार. त्याचं शेत कोणी कसायचं नाही, पाणी कोणी भरायचं नाही, दाढी-हजामतसुद्धा नाही. लोण गावोगाव पसरलं. आणि १२ मे १८७५ ला सुप्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, भडका उडाला. चौफुल्यावरून मोरगावकडे वळलात की लागतं तेच सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. बाजाराला जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं लुटली, वह्या आणि कर्जखतं जाळली. पुढचे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हेच होत राहिलं. बऱ्याच ठिकाणी कागद हातात मिळाला की जमाव माघारी फिरायचा. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, याचा कृषी प्रदर्शनाशी काय संबंध? तर असा. शेतकऱ्याला कागद वाचता येत नव्हता आणि ज्याला वाचता येत होता तो त्याच्या बाजूचा नव्हता. कर्जखतावर काय लिहिलंय हे सांगणारा माणूस आणि त्या कर्जखतावर कमावणारा माणूस एकच होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदा आणला. त्यात गावपातळीवर दस्त नोंदवणारे आणि तडजोड घडवणारे लोक नेमायची तरतूद होती. म्हणजे सरकारलाही कळलं होतं की कागद आणि शेतकरी यांच्यामध्ये कोणीतरी तिसरा माणूस हवा.

याच काळात पुण्यात महात्मा फुले लिहीत होते. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केला. शाळेत आपण त्यातला शोषणाचा भाग वाचतो, उपायांचा भाग सहसा वाचत नाही. त्यात फुल्यांनी सरकारला सुचवलंय की दरवर्षी श्रावणात प्रदर्शनं भरवा, आश्विनात पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्या, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्या, तीन वर्षांचं काम पाहून पदव्या द्या. रिकाम्या वेळात लष्कर आणि पोलिसांच्या शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, असंही त्यात आहे. १४० वर्षांपूर्वी! शेतकऱ्याला पदवी द्यायची कल्पना वाचून मला माझ्या बीटेकच्या सर्टिफिकेटची जरा लाजच वाटली.

फुले नुसतं सुचवून थांबले नाहीत. खडकवासल्याचं धरण झालं, कालवा आला, पण नवं पाणी घ्यायला लोक कचरत होते. पाणीपट्टीची भीती, जमीन बिघडेल ही भीती. फुल्यांनी मांजरीजवळ जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. मांजरी आमच्याच सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात. आजच्या भाषेत हा लाइव्ह डेमो. फरक एवढाच, की डेमो फसला असता तर नुकसान त्यांच्या खिशातून जाणार होतं. लोकांनी शेत पाहिलं, पण त्याआधी ते शेत कोण कसतंय हे पाहिलं असणार.

तसंच लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लोखंडी नांगर बनवला. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. सुरुवातीचे नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली. वस्तू तयार असूनही विश्वास तयार नव्हता, आणि तो कारखान्यात बनत नाही.

आता माझ्या घराची गोष्ट. मी पिंपळे सौदागरला भाड्याने राहतो. तुमच्यातलेही बरेच राहत असतील. बाराव्या मजल्यावरून फक्त इमारती दिसतात. पण शेतीच्या अभ्यासकांना हे गाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी या गावाचा घर न् घर, तुकडा न् तुकडा अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. त्यातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. १७७१ मध्ये या गावात एका खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती, १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती. आज तिथे माणसं चौरस फुटात बोलतात.

मान यांनी दुसरं गाव निवडलं ते शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. सोबत होते ना. वि. कानिटकर. हे पुस्तक १९२१ चं. जातेगाव जिरायती, पावसाने दगा दिला की बहुतेक घरांचा जमाखर्च जुळत नव्हता. घरात काय येतं, काय जातं, कर्ज किती, लग्नाला किती खर्च, हे सगळं त्यांनी लोकांना विचारून लिहून काढलं. कल्पना करा, सुप्याच्या दंग्याला पन्नास वर्षंही झालेली नाहीत आणि एक साहेब वही घेऊन विचारतोय, "कर्ज किती?" कोण सांगेल? ज्याच्यावर भरवसा बसला त्यालाच लोक सांगतात. पुढे १९२६ मध्ये पुण्यात मुंबई इलाख्याचं मोठं कृषी प्रदर्शन भरलं. मान तेव्हा इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक होते. फुल्यांनी लिहिलेली प्रदर्शनं अशी हळूहळू सरकारी कॅलेंडरवर आली.

पण सरकारी प्रदर्शन दोन-चार दिवसांचं, मांडव उतरला की संपलं. नंतर कोण राहतं? याचं उत्तर कासुर्डीच्या शेजारीच आहे.

मार्च १९४६. महात्मा गांधी उरळी कांचनला आले आणि तिथे निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. त्यांच्यासोबत मणिभाई देसाई नावाचा तरुण होता. सुरत जिल्ह्यातला, विज्ञानाचा पदवीधर, वय वर्षं पंचवीस-सव्वीस. म्हणजे माझ्यापेक्षा लहान. गांधीजी गेले, मणिभाई थांबले, ते थेट १९९३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. भाषा वेगळी, गाव परकं, पगारवाढ नाही, नोटीस पीरियड नाही. त्यांनी गीर गाई पाळल्या, शेती केली, शाळेचं काम केलं आणि १९६७ मध्ये 'बायफ' ही संस्था उभी केली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बायफचं मोठं काम संकरित गाईंचं. गंमत बघा, आमच्या ऑफिसात सध्या उठता-बसता 'एआय' चाललेलं असतं. मामाच्या गोठ्यात 'एआय' म्हणजे कृत्रिम रेतन, आणि ते आमच्या पट्ट्यात पन्नास वर्षांपासून आहे! सुरुवातीला लोकांना ते विचित्रच वाटणार. वळू न दाखवता गाय गाभण कशी राहील? यावर उपाय भाषणाचा नव्हता. माणूस शेतकऱ्याच्या दारात जायचा, काम करायचा, परत तपासायला यायचा. नऊ महिन्यांनी वासरू व्हायचं. मग त्या वासरांचे मेळावे भरायचे. शेजारच्या गावातला माणूस आपलीच कालवड घेऊन आलेला पाहिला की पुढची शंकाच उरत नाही. मेळाव्यात दिसतं वासरू, पण त्यामागे कोणीतरी नऊ महिने घातलेले असतात.

स्वातंत्र्यानंतर हे काम तरुणांकडे पद्धतशीरपणे आलं. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठं, ४० हजार विद्यार्थी. आपल्यापैकी अनेकांनी एनएसएसचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर केलं असेल. खरं सांगा, अर्धे जण दहा मार्कांसाठी गेलो होतो. मीही.

कृषी महाविद्यालयांचं याहून नेमकं आहे. शेवटच्या वर्षाला मुलामुलींना गावात राहून कार्यानुभव घ्यावा लागतो. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात, पेपरच्या तालुका पानावर तुम्ही फोटो पाहिले असतील. फोटो पाहून आपण हसतो, "आले बघा बादली घेऊन." पण त्या बादलीत काय असतं? बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद धातूच्या भांड्यात भिजवायचं नाही, प्लॅस्टिक घ्यायचं. तयार झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. मातीचा नमुना घ्यायचा तर इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा, शेतात आठ-दहा ठिकाणी. सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. यात रॉकेट सायन्स नाही. पण चुकीच्या जागेची माती गेली तर सगळा अहवालच खोटा ठरतो. एकरी-हेक्टरीसारखंच.

आज आपल्या भागात प्रदर्शनांची कमी नाही. मोशीचं 'किसान' १९९३ पासून चालू आहे. बारामतीला अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं 'कृषिक' भरतं. अप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये स्थापलेली ही संस्था. तिथे मांडवात नुसते फलक नसतात, शेतात उभी पिकं दाखवतात. पुण्यात तर 'भीमथडी' नावाचीच जत्रा भरते. लोक भाकरी-ठेचा खायला, बचतगटांचा माल घ्यायला जातात. त्या नावात सुप्याचा तो बाजारही आहे हे किती जणांना माहीत असेल?

आता मामाकडे येतो. मामाने काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात एका स्टॉलवरून एक बाटली घेतली होती. कसलं तरी टॉनिक. "फवारा मारा, कांदा दुप्पट." बिल्ला त्या माणसाच्याही गळ्यात होता. कांदा दुप्पट तर सोडाच, पात पिवळी पडली. बाटलीवरचा फोन लागेना. तेव्हापासून मामाचं एक वाक्य ठरलेलं, "प्रदर्शनात फक्त भेळ खायची."

मी स्वयंसेवक म्हणून चाललोय म्हटल्यावर मामा हसला होता. "अरे इंजिनिअर, तू काय विकणार तिथं?" मी म्हटलं, "काहीच नाही." तेव्हा ते सहज बोलून गेलो. पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वाक्य तेच आहे. सुप्यात कागद वाचून दाखवणाऱ्याचाच त्या कागदात फायदा होता. मांजरीत, उरळीत, बादली घेऊन आलेल्या पोरींमध्ये, सांगणाऱ्याचा विक्रीत काही वाटा नसतो. प्रदर्शनात स्टॉलवाला लागतोच, धंदा वाईट नाही. पण शंभर विकणाऱ्यांमध्ये दहा न विकणारे नसतील तर ते प्रदर्शन राहत नाही, नुसता बाजार होतो. आणि बाजाराचा अनुभव आपल्या पट्ट्याने १८७५ ला घेतलाय.

अडचण अशी की हे दहा जण आता मिळत नाहीत. गावातली पोरं माझ्यासारखी शहरात आलीत. दोन दिवस रजा काढून पार्किंगला उभं राहायला कोणाला वेळ आहे? आणि जे जातात त्यांना, माझ्यासारखंच, हेक्टर आणि एकर यातला फरक आयत्या वेळी आठवत नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्या रस्त्याने जाते, यवतला मुक्कामाला गाव पिठलं-भाकरी करून हजारोंना जेवू घालतं. तिथे कोणाला बोलवावं लागत नाही, बिल्लाही लागत नाही. कारण भाकरी कशी करायची हे घराघरात माहीत आहे. शेतीची माहिती मात्र तशी घराघरात राहिलेली नाही. ज्याला येते तो म्हातारा झालाय आणि ज्याचे पाय चालतात तो हिंजवडीत आहे.

म्हणून मी तीन गोष्टी ठरवल्यात, तुम्हाला पटल्या तर घ्या. एक, दरवर्षी दोन दिवस जायचं. दोन, जाण्याआधी एक संध्याकाळ तिथल्या कृषी खात्याच्या माणसांकडे किंवा विद्यार्थ्यांकडे बसून एकच विषय नीट शिकायचा. सगळं यायची गरज नाही. तीन, माहीत नसेल तर "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणायचं, आणि खरंच विचारून सांगायचं. आमच्या स्टॉलवरच्या पत्रकावर मी संध्याकाळीच लाल पेनने मोठ्या अक्षरात 'हेक्टरी' लिहिलं आणि शेजारी एकरी आकडे मांडले. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही फीचरपेक्षा तो बदल जास्त उपयोगी पडला असेल.

मामाचं काय झालं? त्याला मी ही सगळी फजिती सांगितली. पाऊण तास शोधत हिंडलो हे ऐकून तो पोट धरून हसला. मग जरा वेळाने म्हणाला, "ती पोरगी पुढच्या वर्षी असणार का?" मी म्हटलं, "नाही, ती पास होईल. दुसरी असेल." "बरं. मग मातीचा नमुना कधी काढायचा असतो ते विचारून ठेव."

पीक निघाल्यावर, पुढचं खत टाकायच्या आधी. मी विचारून ठेवलंय. कांदा निघाला की आम्ही दोघं खड्डे घेणार आहोत.

तुमच्या गावाजवळ कुठलं प्रदर्शन भरतं, आणि तिथे कोणी तुम्हाला कधी खरं किंवा खोटं काय सांगितलं, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकू. आणि हो, आकडा ऐकलात की आधी विचारा, एकरी की हेक्टरी?

भेटू लवकरच. राम राम.